आत दुमडलेलं कापड

१२ फेब्रुवारी

काय म्हणून हाक मारू तुला? सून म्हणायची सोय राहिली नाही आणि नावाने मी तुला कधी हाक मारलीच नाही. तेव्हा मायना सोडूनच देते. पत्र फोडलंस एवढं पुरे.

अक्षरावरून ओळखलं असशीलच. गिऱ्हाइकांच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या मीच लिहायचे आणि तू त्या वाचून घरोघरी कपडे पोचवायचीस. सात वर्षांत खुशाली विचारली नाही आणि आज काम पडल्यावर आठवण झाली, असं म्हणशील. खरं आहे. खोटं बोलायचं माझं वय गेलं.

गुडघे गेले माझे. मागच्या थंडीत जिन्यावरून घसरले, तेव्हापासून मुलाने मला वरच्या खोलीत आणून ठेवलंय. "आई, आता जिना नको," म्हणाला. दुकान खाली आणि मी वर. डॉक्टर म्हणतो, एवढ्या वजनावर गुडघ्याची शस्त्रक्रिया करणार नाही. आधी वजन उतरवा, थोडं थोडं चालत राहा, मग बघू. उतरवा म्हणे! माळ्यावरची पेटी आहे का ती, हात वर करून उतरवायला?

मला दुसरं काही नको, माझ्या मशीनवर परत बसायचंय. नवरा गेला तेव्हा मुलगा रांगत होता. त्या मशीनने आम्हा दोघांना जेवू घातलं. आता तिथे नवी बसते. नवी म्हणजे कोण, ते तुला सांगायला नको. तिला सरळ टीप घालता येत नाही, पण मला ताट मात्र भरभरून पाठवते. सकाळ, दुपार, संध्याकाळ, शिवाय मध्ये चहा-बिस्किटं. तोंड चालू असलं की म्हातारी गप्प राहते, हे तिला पक्कं कळलंय.

बटणवाला सांगतो, तू अजून तशीच बारीक आहेस. नऊ वर्षं झाली की! मी तर तेव्हा म्हटलं होतं, सहा महिने थांबा, ये रे माझ्या मागल्या होतंय की नाही बघा. कुठलं औषध घेतेस? की पथ्य आहे काही? लिहून कळव. फोनवर बोललेलं खाली ऐकू जातं. उत्तर सोबतच्या पत्त्यावर टाक. तो दूधवाल्याचा आहे. बाटल्यांबरोबर तो वर आणून देतो. चांगला माणूस आहे, प्रश्न विचारत नाही.

तुझी कोण ते तूच ठरव.


२७ फेब्रुवारी

तीर्थरूप वगैरे मी लिहिणार नाही. "आई" म्हणायची सवय मोडायला मला दोन वर्षं लागली, ती परत लावून घ्यायची नाही.

उत्तर देते, कारण गुडघ्याचं दुखणं वाईट. आमच्या हॉस्पिटलच्या शिवणखोलीतून वॉर्डात कपडे पोचवताना रोज बघते मी असली माणसं. यापलीकडे माझ्या उत्तराचा काही अर्थ लावू नका.

औषध नाही आणि पथ्यही नाही. पथ्यं मी तुमच्या घरात दोनदा करून पाहिली. एकदा नुसत्या सूपवर राहिले, एकदा लिंबूपाण्यावर. दोन्ही वेळा उतरलं आणि दोन्ही वेळा दुपटीने परत आलं. दुसऱ्या वेळी तुम्ही दुकानभर गिऱ्हाइकांसमोर टेप धरून म्हणालात, "बघा, आमच्या सूनबाईंचं वजन माहेरी जाऊन आलं." सगळ्या हसल्या. मीही हसले. तेव्हा हसले नसते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या वेळी मी कुणाला सांगितलंच नाही. लहान ताटली घ्यायला लागले. घास तोंडात असेपर्यंत चमचा खाली ठेवायचा, हा नियम केला. उभ्याने, मशीनवर, रेडिओ ऐकत खायचं बंद केलं. गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला बस सोडून चालत जायला लागले. काहीही वर्ज्य केलं नाही. केक मिळाला तर केक खाल्ला, फक्त बसून आणि एकच तुकडा. एवढंच करत राहिले. कपडे सैल झाले तेव्हा कुठे तुमच्या लक्षात आलं.

आणि मग तुम्ही माझा निळा कोट आत घेतलात. आठवतं? जादा कापड कापलं नाहीत. दोन्ही बाजूंना आत दुमडून वर टीप मारलीत. "कापून काय करू? परत फुगशील तेव्हा उसवायला सोपं." त्या जाड घड्यांनी माझ्या काखेखाली पुरळ यायचं. दोन वर्षं मी तो कोट तसाच घातला, आणि घालताना रोज आठवायचं की या घरात माझ्यावर कुणाचा भरवसा नाही.

तुम्ही करून बघा. लहान ताटली, चमचा खाली. खाटेवर बसून खाऊ नका, खुर्चीवर बसा.


२० मार्च

एवढंच? चमचा खाली ठेव? हे सांगायला दोन पानं लागली तुला?

मला वाटलं तू काहीतरी लपवते आहेस. मग मी माझ्या अकलेने केलं. बिनजेवणाची राहिले, नुसत्या चहावर. नवीने ताट आणलं की उशाच्या मागे ठेवायचे आणि संध्याकाळी दूधवाल्याच्या पिशवीत रिकामं करायचे. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन मोरीत बसले. मुलगा धावत आला, "आई, आई" करायला लागला. बरं वाटलं गं जरा. बऱ्याच दिवसांनी त्याने हात धरला होता.

मग नवीने शक्ती यावी म्हणून बिस्किटांचा मोठा डबा उशाशी आणून ठेवला. दुपारी एकटी होते. एक खाल्लं, दुसरं खाल्लं, नंतर मोजलं नाही. डब्याचा तळ दिसला तेव्हा रडले. म्हातारपणी बिस्किटांसाठी रडावं लागेल असं कुणी सांगितलं असतं तर त्याला दुकानातून हाकलला असता मी.

आणि कोटाचं काय घेऊन बसलीस? चांगलं कापड होतं ते. चांगल्या कापडाला कात्री लावायला माझा हात होत नाही, एवढंच. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. तुझे चार दिवस आलेत, तर घे बोलून.


२ एप्रिल

तुम्ही जे केलंत त्याला पथ्यच म्हणतात. मी नको म्हटलं तेच केलंत. तुमचा सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही.

डबा संपवलात, संपला. त्याचं प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नका. पुढचं जेवण नेहमीसारखं जेवा. माझेही डबे संपलेत. या हॉस्पिटलात आले त्या पहिल्या हिवाळ्यात खोलीवर एकटीने पाव आणि जॅम खाऊन मी रविवार काढलेत. सोमवारी परत लहान ताटली घेतली. टिकलं ते यामुळे टिकलं, माझ्यात काही मोठा निग्रह होता म्हणून नाही.

डबा दूधवाल्याला देऊन टाका. उशाशी पाणी ठेवा. आणि डॉक्टरला विचारून, जेवण झालं की जिन्याच्या वळणापर्यंत जा, कठडा धरून, सावकाश. तिथे खिडकी आहे. बाहेर बघा आणि परत या. जमलं नाही तर खोलीच्या दारापर्यंत जा. पण जेवणानंतर जायचंच, मन असो वा नसो.

बटणवाला काल इथे येऊन गेला. आमच्या गणवेशांना बटणं तोच देतो. तुमच्याकडचं काहीबाही सांगत होता. विशेष काही नाही.


१५ मे

वळणापर्यंत जाते! पहिले काही दिवस दारापर्यंतच जात होते, आणि नवी खालून ओरडायची, "आई, पडाल!" मी म्हटलं, पडले तर तुझ्याच अंगावर पडेन, मला लागायचं नाही. तेव्हापासून ओरडत नाही.

खिडकीतून आपली गल्ली दिसते. समोरचा चांभार म्हातारा झालाय गं. त्याने मला पाहून हातोडी वर केली. माझी जुनी गिऱ्हाइकं दिसतात, पण दुकानात शिरत नाहीत, बोर्डाकडे बघून पुढे जातात. मी त्यांना दोष देत नाही. नवीच्या हातचे कपडे मीही घातले नसते.

लहान ताटलीवरून भांडण झालं. नवी म्हणाली, लोक म्हणतील सासूला उपाशी मारते. मी म्हटलं, लोकांना वर पाठव, मी सांगते. आता ती मोठ्या ताटातच आणते आणि मी माझ्या बशीत काढून घेते. उरलेलं परत जातं. चमचा खाली ठेवायला अजून विसरते, मग आठवलं की एकदम ठेवते आणि आवाज होतो. दूधवाला म्हणाला, "आजी, रागावलात का?"

एक गंमत आहे. मशीनचा आवाज बऱ्याच दिवसांत आला नाही. मुलाला विचारलं तर म्हणाला, पट्टा तुटलाय, दुरुस्तीवाला येईल. पट्टा बदलायला दुरुस्तीवाला कशाला हवा? डोळे मिटून बदलीन मी. आणि खालून रंगाचा वास येतो. सुताराचं कामही चालू होतं. "काय चाललंय?" विचारलं तर हसला. म्हणाला, "खाली येशील तेव्हा बघशील." दुकान रंगवून घेतोय गं माझ्यासाठी! बोलत नाही पोरगा, पण आईचं मन ओळखतो.

बटणवाला काय सांगत होता? तू अर्धंच लिहिलंस. आणि खरं सांग, एका कोटासाठी तू माझ्यावर एवढी धरून आहेस? तो कोट माझ्या ट्रंकेत आहे अजून. तू नेला नाहीस.


१ जून

बटणवाल्याला बोलायला काही लागतं का? ते सोडा.

कोटाचं विचारलंत म्हणून सांगते. कोट हे निमित्त आहे.

कोट आत घेतल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी तुम्ही मला एक पार्सल दिलंत. हिरवा झगा, लांब बाह्यांचा. पिशवीवर चिठ्ठी तुमच्या हाताची. पुलापलीकडचा पत्ता होता. मी चालत गेले, कारण तेव्हा मी सगळीकडे चालत जायचे आणि त्याचा मला अभिमान होता. दार उघडलं त्या बाईने चहा विचारला. मी नको म्हटलं. तिच्या मागे गच्चीवर दोरीला एक पुरुषाचा शर्ट वाळत होता. काजं माझ्या हातची होती. मी काजाच्या शेवटी दोरा दोनदा ओवते, तसं आपल्या दुकानात दुसरं कुणी करत नव्हतं. मग कॉलर बघितली. मग दुसरं काही बघायची गरज राहिली नाही.

ती बाई आज तुम्हाला ताट आणून देते.

तिचं माप तुम्ही घेतलं होतंत. चिठ्ठी तुम्ही लिहिली होतीत. घरी आले तर तुम्ही टेप गळ्यात टाकून विचारलंत, "पोचवलंस का?" आणि माझ्या तोंडाकडे न बघता मशीन चालू केलंत. तेव्हा मला कळलं की तुम्हाला माहीत आहे, आणि बऱ्याच दिवसांपासून माहीत आहे.

मी वजन कशासाठी उतरवलं होतं? नवरा परत माझ्याकडे बघेल म्हणून. सगळ्यांसमोर हसून, चालून चालून पायाला फोड आणून. तो तर आधीच पुलापलीकडे गेला होता, आणि तुम्ही माझी कंबर मोजून गालातल्या गालात हसत होतात.

असो. वळणापर्यंत जाता, ते आता हळूहळू आणखी खाली उतरा. कशासाठी उतरताय, ते फार मनात आणू नका.


२८ सप्टेंबर

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला चार महिने घेतले. तीनदा लिहिलं आणि फाडलं.

होय, माहीत होतं. मुलगा माझा आहे, त्याच्या शर्टाला कुठल्या साबणाचा वास येतो ते मला कळायचं. तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस, आणि दुकानात तुझ्यासारखं काज करणारं दुसरं कोणी नव्हतं. आणखी गोड करून मला सांगता येत नाही. नंतर तू गेलीसच.

आता दुसरं सांगते. मी उतरले! कपडे माझेच मला मोठे व्हायला लागले, हातशिलाईने दोन आत घेतले. डॉक्टर म्हणाला, "आजी, असंच चालू ठेवा, शस्त्रक्रिया कदाचित लागणारच नाही." काय खाता विचारलं. मी म्हटलं, सगळं खाते, फक्त लहान ताटलीत आणि खुर्चीवर बसून. तो हसला. त्यालाही तुझी दोन पानं पाठवायला हवीत.

चमचा आता न आठवता खाली जातो. जेवण झालं की पाय आपोआप जिन्याकडे वळतात. परवा तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून आले. दुकानाचं आतलं दार बंद होतं. कान लावला तर आत बायका बोलत होत्या. गिऱ्हाईक परत यायला लागलंय!

सोमवारी दार उघडून आत जायचं. कुणाला सांगितलेलं नाही. दूधवाल्याकडून मशीनचं तेल आणि नवा पट्टा मागवलाय. पट्टा गुंडाळून पदरात ठेवलाय. रात्री झोप लागत नाही गं, लग्नाच्या आदल्या रात्री लागली नव्हती तशी. तुझे उपकार आहेत. हे वाक्य मी आयुष्यात फार कमी लोकांना लिहिलंय.


६ ऑक्टोबर

गेले.

दार उघडलं तर पांढरा लखलखाट. काचेची फडताळं. त्यात डबे, गुलाबी झाकणांचे, छतापर्यंत. वजन उतरवायची पावडर! दुधात घालून प्यायची, जेवण बंद. महिन्याभरात कायापालट, असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. शिवणकामाचा बोर्ड गेला. कापडाची मांडणी गेली. जिथे माझं मशीन होतं तिथे एक वजनकाटा ठेवलाय. येणाऱ्या बाईला आधी त्याच्यावर उभं करतात आणि तिचं तोंड उतरलं की डबा पुढे करतात. नवी पांढरा कोट घालून उभी होती, डॉक्टरीण असल्यासारखी. ती स्वतः दिवसभर पावडर पिते आणि दुपारी स्वयंपाकघरात पाव कापते, मला वर ऐकू येतं.

ते पण सोडून दे. भिंतीवर मी होते.

केवढा फोटो! खाटेवर बसलेली मी, मांडीवर भरलेलं ताट, तोंडात घास. मुलाने हिवाळ्यात काढला होता, "डॉक्टरला दाखवायला लागतो" म्हणून. खाली लिहिलंय "पूर्वी". त्याच्या शेजारी तेवढीच चौकट, रिकामी, खाली लिहिलंय "आता". कळलं का तुला? चौकट तयार होती. वर माझं वजन उतरत होतं ते त्यांना दिसत होतं. ताट अर्धं परत येत होतं, कपडे सैल होत होते, आणि ते खाली चौकट टांगून वाट बघत होते.

मी म्हटलं, "मशीन कुठाय?" मुलगा म्हणाला, "आई, ते केव्हाच दिलं. तुला काय करायचंय आता या वयात?" नवी म्हणाली, "आई, हलू नका हं," आणि फोटो काढला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. फोटोत ते आनंदाचं दिसतं.

पट्टा पदरातच राहिला.

बटणवाला त्या दुकानात येऊन-जाऊन असतो. त्याला माहीत असणार. मग तुला माहीत होतं का? खरं लिही. मी तुला खरं लिहिलंय.


१४ ऑक्टोबर

होय. एप्रिलपासून.

सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी बिस्किटांचा डबा परत मागवला असता आणि खाटेवरून उठला नसता. हे एक कारण आणि ते खरं आहे. पण ते एकच कारण होतं असं लिहिलं तर मी खोटारडी. तुम्ही रंगाच्या वासाचं लिहिलंत, पोरगा आईचं मन ओळखतो म्हणून लिहिलंत, तेव्हा मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मनात म्हटलं, उतरा. मीही अशीच उतरत होते. खाली काही नाही हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला उतरू दिलंत. आता तुम्ही उतरा.

वाटलं होतं, फिट्टंफाट झाली की हलकं वाटेल. तुमचं पत्र आलं त्या दिवशी माझ्याच्याने जेववलं नाही. नऊ वर्षांत मी रागाने जेवले आहे, एकटेपणाने जेवले आहे, पण ताट परत सारायची वेळ आली नव्हती.

मशीन माझ्याकडे आहे. बटणवाल्याने ते एप्रिलमध्ये इथे विकायला आणलं. कुणी घेतलं नाही तर भंगारात जाईल म्हणाला. मी घेतलं. का घेतलं ते मला विचारू नका. खिडकीपाशी ठेवलंय. पट्टा तुटलेला नव्हता.

यायचं असेल तर या. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही. तुम्ही चढाल.


३० नोव्हेंबर

चढेन. पण येणार नाही.

रागावले आहे असं समजू नकोस. रागावले होते, आठ दिवस. मग विचार केला, हिने माझ्याकडून शिकून माझ्यावरच चालवलं. शिवणकाम असंच तर शिकवलं होतं तुला, न बोलता, बघून बघून. तू बोलावलंस ते मी ठेवून घेतलंय. पण तुझ्या दारात आले तर तू खुर्ची देशील, चहा देशील, आणि दोघी त्या मशीनकडे बघत बसू. मला ते जमायचं नाही. ते तू चालव. दर पंधरा दिवसांनी तेल घाल, आणि डाव्या बाजूने घाल. उजवीकडे गळतं.

इथलं सांगते. मशीन गेल्याचं कळलं त्या दुपारी मी वर येऊन ठरवलं होतं, आज काय मिळेल ते खायचं. कुणासाठी उतरायचं आता? नवीने ताट आणलं, खूश होती, गच्च भरलं होतं. मी खुर्चीवर बसले. बशीत काढून घेतलं. घास घेतला आणि चमचा खाली ठेवला गेला. मी ठेवला नाही गं, ठेवला गेला. मग जेवण झालं आणि पाय जिन्याकडे वळले. मी जिन्यात उभी राहून खूप रडले. खाली जायला काही उरलं नव्हतं आणि तरी मी उतरत होते. जित्याची खोड म्हणतात ना, तीच.

तेव्हापासून रोज उतरते आणि दुकानाच्या पायरीवर बसते. येणाऱ्या बाईला सांगते, "बाई, भिंतीवरची ती मी. त्या पावडरीचा एक कण माझ्या पोटात गेलेला नाही. लहान ताटली घे आणि जेवून झालं की उठ." बायका माझ्याकडे बघतात, मग फोटोकडे बघतात, मग आत जाऊन डबाच घेतात. कुणाला चमचा खाली ठेवायला नको असतो. मीही तुला हसलेच होते की. नवी सांगते, "वयामुळे असं बोलतात त्या." मुलगा म्हणतो, "आई, धंदा बुडवशील, वर जा." मी वर जाते. जेवण झालं की परत उतरते. त्याला काही करता येत नाही. आई अशी धट्टीकट्टी दिसते म्हणून तर माल खपतो.

एक बाई मात्र परवा थांबली. जाड होती, तरुण होती, आणि काट्यावरून उतरल्यावर हसत होती. तुझ्यासारखंच हसत होती. मी तिला पायरीवर शेजारी बसवून घेतली. काय बोलले ते लिहीत नाही. डबा न घेता गेली. परत येईल का घ्यायला? येईलही.

आता शेवटचं. ट्रंकेतून तुझा निळा कोट काढला. जिन्याच्या वळणावर खिडकीत उजेड चांगला येतो, तिथे बसून अस्तर उसवलं, घड्या सोडल्या. कापड अजून नवं आहे आतून, ऊन लागलेलं नाही ना. मग कात्री लावली. दोन्ही बाजूंचं कापलं आणि हातानेच परत शिवलं. टाके तुझ्याइतके बारीक नाहीत, नजर गेली आहे. पण आता काखेत काही टोचायचं नाही.

कापलेल्या दोन पट्ट्या या पत्रात घातल्या आहेत. मशीन पुसायला होतील. कोट मागाहून पाठवते, दूधवाल्याला एवढी मोठी पिशवी न्यायची सोय झाली की. तो आता उसवून मोठा करता येणार नाही, हे लक्षात ठेव. नऊ वर्षांत तुझ्या अंगाला टेप लावलेली नाही मी. बटणवाल्यालाही काही विचारलं नाही. तुझ्या शब्दावर कापलंय.